रविवारची चादर

कामस ग्लास, लॉख यू
सोमवार, २२ एप्रिल २०१३

प्रिय टॉर्मोड,

बोटीचं बूच कुठे आहे?

सव्वीस वर्षांनी सख्ख्या भावाला पत्र लिहायचं आणि सुरुवात अशी करायची, हे बरं दिसत नाही. पण याआधी तीन कागद फाडले. प्रत्येकावर हवामान लिहिलं होतं. म्हणून सरळ विचारतो. तू बांधलेली बोट अजून आहे. शेडमध्ये पालथी होती, परवा मी आणि माझ्या बायकोने, एफीने, ती उलटवली. फळ्या शाबूत आहेत, डांबर पुन्हा लावावं लागेल. फक्त तळाचं ते पितळी बूच, तू शाळेच्या लेथवर घडवलेलं, ते नाही. जाताना तूच नेलंस हे सगळ्या गावाला माहीत आहे. लाकडाचं कुणीही करून देईल. पण बाबा म्हणाले, "आधी त्याला विचार." म्हणून विचारतोय.

बाबा नव्वदचे झाले. कान गेले, जीभ शाबूत आहे. मार्चमध्ये त्यांचं पदक आलं. युद्धात उत्तरेला रसद नेणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांवर गेलेल्या खलाशांना सरकारने एवढ्या वर्षांनी पदक द्यायचं ठरवलं, ते तिकडच्या वर्तमानपत्रातही आलं असेल. बाबांनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "बर्फ वितळायची वाट बघत होते वाटतं." आता ते चहाच्या डब्यात आहे.

मे महिन्यात, दुसरं महायुद्ध संपल्याच्या तारखेच्या आठवड्यात, ताफ्यांवरचे उरलेले म्हातारे बस करून इथे येणार आहेत. सातजण आहेत. त्यांच्यातला हल बंदराचा स्टॅन पिकर्सगिल तुला आठवत असेल. तू लहान असताना तो यायचा आणि तुझ्या कानामागून पेपरमिंटच्या गोळ्या काढायचा. शनिवारी, अकरा तारखेला, भाड्याची लाँच त्यांना खाडीच्या तोंडाशी नेईल, तिथे पुष्पचक्र सोडायचं. बाबा म्हणतात, मी लाँचमध्ये बसणार नाही, आपल्या बोटीतून जाणार. म्हणून हा खटाटोप.

माझं बरं चाललंय. शाळेची बस चालवतो, मेंढ्या आहेत. सहा वर्षांपासून मी मंडळीचा पंच आहे, आणि चर्चमध्ये स्तोत्राची ओळ अजून मीच देतो. मी म्हणतो, मंडळी मागून उचलते. आपल्याकडे अजून बाजाची पेटी आलेली नाही.

तू गाव सोडलंस त्याआधीच्या रविवारी तुला बोटीत कुणीतरी पाहिलं आणि पंचांना कळवलं. ते दिवस तसे होते. बूच पाठव.

तुझा थोरला भाऊ,
फार्कर

सोमवार, ६ मे २०१३

प्रिय टॉर्मोड,

तुझं उत्तर नाही. नोव्हा स्कॉशियाहून, समुद्रापलीकडून, टपाल यायला किती दिवस लागतात याची चौकशी केली. लागतात तितके होऊन गेले. म्हणून बूच मीच केलं. परसात आजीची कपड्यांच्या दोरीला टेकू द्यायची जुनी काठी होती ना, तिच्या टोकाचं. लाकूड चांगलं मुरलेलं होतं.

मी कोरत बसलो होतो तेव्हा बाबा दारातल्या खुर्चीवर होते. काठी ओळखली आणि हसायला लागले.

"तिचीच का रे?"

"दुसरी सापडली नाही."

"मग बोट बुडायची नाही. त्या काठीने आधी एक पाप उचललंय."

मला वाटलं, बाबांचं भान चाललं. मग त्यांनी सांगितलं. टॉर्मोड, नव्वद वर्षांच्या आयुष्यात ही गोष्ट त्यांनी आपल्या दोघांनाही कधी सांगितली नव्हती. त्यांनी सांगितली तशीच लिहितो.

त्रेचाळीसच्या हिवाळ्यात त्यांचं जहाज आपल्याच खाडीत नांगरून होतं. चाळीसेक जहाजं, रशियाला रसद नेणारी. कुणाला किनाऱ्यावर उतरू देत नव्हते, ताफा कधी निघणार हे फुटू नये म्हणून. एकोणीस वर्षांचा पोरगा, समोर मैलभरावर स्वतःचं घर, धुराड्यातून निघणारा धूर दिसतोय, आणि आईला हाक मारता येत नाही. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी रविवार होता. सकाळी खाडीच्या तोंडावरचं पाणबुड्या अडवायचं जाळं बाजूला ओढायला लागले. आजीने ते खिडकीतून पाहिलं. आज जाणार, एवढं तिला कळलं. तिने पलंगावरची पांढरी चादर ओढली, पाण्यात बुडवली आणि बाहेर दोरीवर घातली. काठी लावून दोरी उंच केली.

रविवारी! ज्या घरात शनिवारी संध्याकाळी बटाटे सोलून ठेवायचे, रविवारी विहिरीचं पाणी काढायचं नाही, त्या घरात.

"डेकवरून मी चादर पाहिली," बाबा म्हणाले. "बर्फात जाईपर्यंत ती माझ्या अंगावर होती."

पंचांनी आजीला बोलावलं. का केलंस विचारलं. ती काही बोलली नाही. ताफ्याची बातमी तोंडाबाहेर काढायची नाही, हा युद्धाचा कायदा होता, आणि कायदा ती पाळायची. तीन वर्षं तिला प्रभुभोजनाला बसू दिलं नाही. युद्ध संपल्यावर तरी बाबांनी सांगायचं होतं. नाही सांगितलं.

मी विचारलं, "का नाही सांगितलंत?"

ते खाडीकडे वळले. मग भलतंच बोलले. "ताफ्याचा एक नियम असायचा. शेजारचं जहाज बुडालं तरी थांबायचं नाही. थांबलास तर तूही बुडतोस. मी सुकाणूवर होतो. पाण्यात माणसं होती, त्यांच्या जाकिटांना लहान लाल दिवे असत. आम्ही त्यांच्यामधून गेलो. मी सुकाणू सरळ धरलं. नियम बरोबरच होता. मागून येणाऱ्या जहाजाने काहींना उचललं, स्टॅन त्यांच्यातला. बाकीचे अकरा पाण्यातच राहिले."

आणि मग म्हणाले, "तेव्हापासून नियम पाळणाऱ्या माणसाची मला भीती वाटते, फार्कर. पहिली माझीच."

मी कोरत राहिलो.

फार्कर

शनिवार, ११ मे २०१३
संध्याकाळ

प्रिय टॉर्मोड,

आज वादळ झालं. लाँचवाल्याने सकाळीच फोन करून नाही म्हटलं, आणि बरोबर होतं त्याचं. लाटा धक्क्यावरून पलीकडे पडत होत्या. सातही म्हातारे हॉलमध्ये ब्लँकेटं गुंडाळून बसले, सूप प्यायले, मंत्रालयातून आलेल्या बाईंचं भाषण ऐकलं. पुष्पचक्र टेबलावरच राहिलं. नंतर इव्हँडर मॅकआयव्हरने हॉलला कुलूप लावलं आणि किल्ली कोटात टाकली. इव्हँडर म्हणजे जुना पोस्टमास्तर, आता पंचांमध्ये सर्वांत वडील.

उद्या समुद्र शांत असणार, असं रेडिओवर सांगितलं. पण उद्या रविवार. लाँच येणार नाही, गावातली एकही बोट पाण्यात जाणार नाही. सोमवारी सकाळी सहाला बस परत निघते. स्टॅन एक्क्याण्णवचा आहे. पुढच्या वर्षी येणार का, असं मी विचारलं तर म्हणाला, "येतो की. पेटीत घालून आणलंत तर."

मी त्यांना म्हटलं, खडकांवरून सोडू पुष्पचक्र. तेव्हा बाबा एकदम ओरडले. मग त्यांनी जे सांगितलं ते तुला लिहिण्यासाठीच हे पत्र आहे.

ते म्हणाले, दर मे महिन्यात चर्चहून येताना ते टोकापर्यंत जायचे आणि पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांची जुडी खडकांवरून टाकायचे. दर वेळी भरतीने ती परत आपल्याच किनाऱ्यावर आणून टाकली. "त्या अकराजणांपर्यंत एकदाही पोचली नाही." सत्त्याऐंशीला त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. तेव्हा त्या रविवारी त्यांनी तुला सांगितलं. बोट घे, खाडीच्या तोंडाबाहेर पाण्याची ओढ आहे तिथपर्यंत जा आणि सोडून ये. कुणाला सांगू नकोस.

तू सांगितलं नाहीस. पंचांसमोर नाही, मला नाही. बाबा शेजारच्या खोलीत पाय वर करून बसले होते, तेही बोलले नाहीत. गुरुवारच्या बसने तू गेलास.

टॉर्मोड, पहिल्या पत्रात मी लिहिलं, कुणीतरी पंचांना कळवलं. कुणीतरी म्हणजे मी. हे तुला तेव्हाच माहीत होतं, असं मला नेहमी वाटत आलंय. पण माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असावं. मी तेवीस वर्षांचा होतो, स्तोत्राची ओळ द्यायला नुकतंच मला निवडलं होतं, आणि माझ्या भावाने मला खाली मान घालायला लावू नये एवढंच माझ्या मनात होतं. तू परत आलास तेव्हा तुझ्या दोन्ही हातांवर ओरखडे होते. ते मला दिसले. मी विचारलं नाही.

लहानपणी पाठ केलेली प्रश्नोत्तरं आठवतात ना? शब्बाथ दिवशी कोणती कामं चालतात? गरजेची आणि दयेची. दुपारपासून तेवढंच मनात घोळतंय. पुढे कुणी समजावून सांगितलेलं नाही, कुणाची गरज आणि कोणावर दया.

मी प्रार्थना केली. उत्तर आलं असं म्हणणार नाही. पण विळा घेऊन टेकडीवर जातोय. अजून उजेड आहे, आणि बारा वाजायच्या आत कापलेलं शनिवारचंच.

फार्कर

सोमवार, १३ मे २०१३

प्रिय टॉर्मोड,

गेलो.

सकाळच्या उपासनेत मी नेहमीसारखी ओळ दिली. घरी येऊन जेवलो. मग ट्रॅक्टरला बोट बांधून किनाऱ्यावर आणली, सगळ्यांना दिसेल अशी, रस्त्यावरून. लपवायचं असतं तर जायचंच कशाला? तुला मात्र लपवायला लावलं होतं.

इव्हँडर चर्चच्याच कोटात खाली आला आणि बोटीच्या नाकासमोर उभा राहिला.

"फार्कर, आज वार कोणता?"

"शब्बाथ."

"मग ही इथे कशी?"

"पाण्यात जायचीय म्हणून."

"तू पंच आहेस. लोक तुझ्या तोंडाकडे बघून गातात."

"ते सकाळी गायले, इव्हँडर. चांगले गायले. हॉलची किल्ली दे, पुष्पचक्र आत आहे."

"आज मी कुलूप उघडणार नाही."

"बरं. आमच्याकडे आमचं आहे." मी काट्यांची जुडी दाखवली.

चाकाच्या खुर्चीतून स्टॅन म्हणाला, "अहो साहेब, ढकलायला हात लावणार असाल तर लावा, नाहीतर बाजूला व्हा. धर्मावर वाद घालायला मला आवडतं, पण वय बघा माझं. मध्येच गेलो तर तुम्हालाच उचलावं लागेल, आणि तेही रविवारी."

बाबा मोठ्याने हसले. इव्हँडर बाजूला झाला. हसला नाही, पण झाला.

म्हातारे दोघेच आले, बाबा आणि स्टॅन. बाकीच्यांना उचलून ठेवण्यासारखं नव्हतं, ते बसच्या पायरीजवळ रांगेत उभे राहिले. मी इंजिन लावलं नाही. वल्ही घेतली.

"इंजिन का नाही?" बाबा म्हणाले.

"रविवारचा आवाज नको."

"वा! पाप करायचं ते घाम गाळून."

"राहू दे रे," स्टॅन म्हणाला. "पोरगा पन्नाशीचा झाला, एवढ्या उशिरा पाप शिकतोय, सावकाश शिकू दे."

आजीच्या काठीचं बूच टिकलं. थेंबभर पाणी आलं, तेवढंच.

वल्ही मारणारा मागे तोंड करून बसतो, म्हणून गाव माझ्यासमोर होतं. अर्ध्या वाटेवर मला आपल्या परसात काहीतरी पांढरं हलताना दिसलं. एफी मला यातलं एक अक्षर बोलली नव्हती. पलंगावरची मोठी चादर, ओली, दोरीवर. टेकूला काठी नव्हती, ती मी कापली होती ना, म्हणून तिने गवताची दाताळी लावली होती. मी वल्ही मारायचा थांबलो तसे बाबा म्हणाले, "काय झालं?" मी त्यांचे खांदे धरून त्यांना वळवलं. नव्वदीचे डोळे, टॉर्मोड, पण चादर मोठी होती.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

थोड्या वेळाने स्टॅन म्हणाला, "ते दुसरं काय? पांढरं, छोटं?" विधवा पेगीचं घर. तिच्या दोरीवर भांडी पुसायचं फडकं लटकत होतं. एकच. ती म्हणेल, शनिवारचं राहून गेलं. म्हणू दे.

तोंडाच्या बाहेर, जिथे ओढ उत्तरेला जाते, तिथे बाबा म्हणाले, "थांब."

"अजून थोडं पुढे..."

"नाही. इथे थांबायचं, फार्कर. बोट थांबव."

मी वल्ही आत घेतली. आम्ही थांबलो. किती वेळ, ते मी मोजलं नाही. स्टॅनने अकरा नावं घेतली, कागद न बघता. शेवटच्या नावानंतर तो बाबांना म्हणाला, "तुमचं जहाज गेलं ना जवळून, तेव्हा मी पाण्यातून तुमच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या होत्या. त्या परत घेतो."

"राहू दे," बाबा म्हणाले. "त्यातल्या चारपाच बरोबर होत्या."

मग जुडी सोडली. ती फिरली, थोडी बुडाली, वर आली आणि बाहेर जायला लागली. उत्तरेला. मी समुद्रावरच्या माणसांचं ते जुनं स्तोत्र घेतलं, आपल्या भाषेतली ओळ दिली. स्टॅनला शब्द येत नाहीत. त्याने सूर उचलला, बाबांनी शब्द उचलले, दोन्ही बेसूर. माझ्या आयुष्यात मंडळीने इतकं वाईट गायलं नाही आणि मी कधी इतकं मनापासून ओळ दिली नाही.

परत आलो तेव्हा भरती चढली होती. स्टॅनची खुर्ची आम्ही वाळूवर ठेवली होती ती पाण्यात गेली असती. ती वर ओढलेली होती आणि इव्हँडर तिच्या मुठी धरून उभा होता, गुडघ्यापर्यंत भिजलेला, पाऊण तास तरी. मी काही म्हणायच्या आत तो म्हणाला, "हे दयेचं काम आहे. तुझ्याविरुद्ध मत मी देणारच."

माझ्या हातांवर ओरखडे आहेत. पेन धरताना दुखतं. तुझे किती दिवसांनी भरले?

फार्कर

सोमवार, ३ जून २०१३

प्रिय टॉर्मोड,

इव्हँडरने शब्द पाळला. चौघांनी माझ्याविरुद्ध मत दिलं, एकाने दिलं नाही. पाद्रीबुवा चांगला माणूस आहे, तरुण आहे, त्याला हे प्रकरण नको होतं. तो म्हणाला, "फार्कर, मंडळीसमोर उभे राहा, चूक झाली म्हणा, आणि पुढच्या रविवारी ओळ तुम्हीच द्या. दोन वाक्यांचं काम आहे."

मी म्हटलं, उभा राहतो.

काल उपासनेनंतर उभा राहिलो. बाबा पहिल्या बाकावर होते, कोटावर पदक. चहाच्या डब्यातून काढलेलं, चहाची पूड अजून फितीला लागलेली. मी म्हटलं, माझी आजी त्रेचाळीस साली रविवारी चादर वाळत घालताना दिसली, तिला या मंडळीने तीन वर्षं प्रभूच्या मेजापासून दूर ठेवलं. ती मुलाला निरोप देत होती. त्याबद्दल मंडळीच्या वतीने मी तिची क्षमा मागतो, कारण मी पंच आहे आणि अजून दहा मिनिटं तरी असेन. दुसरं, सत्त्याऐंशी साली माझ्या भावाने शब्बाथ मोडला असं मी सांगितलं. तो बापाच्या शब्दाखातर बुडालेल्यांना फुलं द्यायला गेला होता. मी न विचारता चुगली केली. त्याबद्दल मी त्याची क्षमा मागतो. तो इथे नाही, हा माझा दोष आहे.

पाद्रीबुवांनी हळूच विचारलं, "आणि बारा तारखेचं?"

मी म्हटलं, "त्याबद्दल माझ्याकडे क्षमा नाही. शोधली. देवासमोर गुडघे टेकून शोधली. सापडली नाही."

आणि बसलो. बाबांनी ऐकू येत नसल्यासारखं मोठ्याने विचारलं, "झालं का त्याचं सांगून?" मग काठीवर जोर देऊन स्वतः उठले. "आईच्या वेळी मी गप्प होतो, टॉर्मोडच्या वेळीही," एवढंच म्हणाले. "आता नाही." खाली बसायला त्यांना मदत लागली. ती पेगीने केली.

आता ओळ इव्हँडर देतो. त्याचा आवाज घोगरा आहे, सूर खाली लावतो. मी शेवटच्या बाकावर बसतो आणि उचलतो. चर्च सोडलेलं नाही, सोडणारही नाही. देवाने मला बाहेर काढलेलं नाही, आणि पंचांना तेवढा अधिकार मी देत नाही.

स्टॅनचं पत्र आलं. हलला गेल्यावर डॉक्टरने विचारलं, एवढं ऊन कुठे लागलं, तर याने सांगितलं, चर्चमध्ये.

आणि आज सकाळी तुझं पार्सल आलं. लोकरीचा एक मोजा, त्यात पितळी बूच. चिठ्ठी नाही. बूच घासून लखलखीत केलंयस, की सव्वीस वर्षं तसंच ठेवलं होतंस? एफी म्हणाली, चिठ्ठीची काय गरज, मोज्याला ठिगळ बघ, ते तुमच्या आईच्या हातचं आहे. मी टेबलाशी बसलो आणि ठिगळावरून बोट फिरवलं. बाबांनी बूच मुठीत धरलं आणि तसेच झोपले.

दुपारी त्यांची मूठ उघडून घेतलं आणि बोटीला लावून पाहिलं. अजून चपखल बसतं. मग काढून पुन्हा मोज्यात घातलं. या पत्राबरोबर तुला परत पाठवतोय. मोजा ठेवून घेतलाय.

मी कॅलेंडर पाहिलं. पुढच्या वर्षी त्या आठवड्यात अकरा मेला रविवार आहे. बोट रस्त्यावरूनच नेणार, चर्च सुटल्यावर, सगळ्यांसमोर. बाबा म्हणतात, तोपर्यंत मी मरणार नाही, मला वेळ नाही. आजीच्या काठीचं बूच मी चुलीत घातलं. आता बोटीला भोक आहे आणि बूच तुझ्याकडे आहे.

घेऊन ये. एफीने दुसरी चादर काढून ठेवली आहे.

तुझा भाऊ,
फार्कर